नाटकदीपातले तेल

चौदाव्या शतकात विद्यारण्यांनी लिहिलेल्या ‘पंचदशी’ या वेदान्तग्रंथाचे दहावे प्रकरण ‘नाटकदीप’ या नावाने ओळखले जाते. आत्म्याचे साक्षित्व, म्हणजे स्वतः काही न करता सर्व काही प्रकाशित करणारे जाणिवेचे स्वरूप, समजावून देण्यासाठी तिथे नृत्यशाळेतल्या दिव्याचा दृष्टान्त योजला आहे. शाळेत यजमान बसला आहे, सभ्य म्हणजे प्रेक्षक बसले आहेत, नर्तकी नाचते आहे आणि साथीदार ताल धरून आहेत. दिवा या सर्वांना सारखाच उजेड देतो आणि सगळे उठून गेल्यावर रिकाम्या शाळेतही तसाच तेवत राहतो. रूपकाची फोडही विद्यारण्यांनीच करून ठेवली आहे: यजमान हा अहंकार, प्रेक्षक हे विषय, नर्तकी ही बुद्धी, ताल धरणारी ती इंद्रिये आणि दिवा तो साक्षी. दृष्टान्त इतका नेटका आहे की त्यात एक माणूस गाळला गेला आहे हे पटकन ध्यानात येत नाही. त्या दिव्यात तेल घालणारा, वात पुढे सारणारा, काजळी झाडणारा कोणीतरी शाळेत असलाच पाहिजे, आणि नृत्य रंगात आले असताना भिंतीच्या कडेकडेने त्याची ये-जा चालू असणार. पण रूपकात त्याच्यासाठी जागा ठेवलेली नाही.

यावर शास्त्राचे उत्तर ठरलेले आहे. दृष्टान्त एकदेशी असतो, म्हणजे तो एका अंगापुरताच लागू करायचा असतो; मुखाला चंद्राची उपमा दिली म्हणून कोणी मुखावर डाग शोधीत नाही. शिवाय साक्षी हा स्वयंप्रकाश, म्हणजे दुसऱ्या कशानेही न उजळता आपणच प्रकाशणारा आहे, असा अद्वैत वेदान्ताचा सिद्धान्त असल्याने त्याला तेल लागत नाही, आणि दिवा व आत्मा यांच्यातील साम्य नेमके तिथे संपते. तत्त्वज्ञानापुरते हे उत्तर पुरेसे आहे. अडचण येते ती असे दृष्टान्त ग्रंथातून उतरून व्यवहारात वावरू लागतात तेव्हा. पडद्यामागे राबणाऱ्या माणसाला ‘निष्काम कर्मयोगी’ म्हणून गौरवण्याची रीत आपल्याकडे चांगलीच रुळलेली आहे, आणि त्या गौरवात बहुधा असे गृहीत धरलेले असते की ज्याचे काम दिसत नाही त्याने फळाची आशाही सोडलेली आहे. ज्या कर्माची पूर्णता न दिसण्यातच असते ते कर्म तेवढ्यावरून निष्काम ठरते काय, हा प्रश्न त्यामुळे विचारण्याजोगा आहे. आणि तो विचारण्यास चित्रपट महोत्सव चालू असलेल्या चित्रपटगृहाइतकी सोयीची जागा दुसरी क्वचितच मिळेल.

दिव्यात तेल घालणाऱ्याची ही वगळणूक एकट्या विद्यारण्यांची नव्हे. सांख्यकारिकेत प्रकृतीला नर्तकीची उपमा दिली आहे: रंगमंडपातील लोकांना आपले नृत्य दाखवून झाले की नर्तकी थांबते, तशी पुरुषाला आपले रूप दाखवून प्रकृती निवृत्त होते. या रंगशाळेत पाहणारा आणि नाचणारी एवढे दोघेच आहेत. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात वर्णिलेली गुहा तर आजच्या वाचकाला चित्रपटगृहच वाटावी अशी आहे: कैदी भिंतीकडे तोंड करून जखडलेले, त्यांच्या पाठीमागे उंचावर जाळ पेटलेला, आणि जाळ व कैदी यांच्यामधल्या बुटक्या भिंतीआडून माणसांच्या व जनावरांच्या आकृती उंच धरून चाललेले लोक. समोर पडणाऱ्या सावल्यांनाच कैदी खरे जग समजतात. बंधन तोडून सूर्यप्रकाशात गेलेल्या कैद्याचे काय होते याची चर्चा दोन हजारांहून अधिक वर्षे चालू आहे. आकृती वाहणाऱ्यांविषयी मात्र त्यांच्यातले काही बोलत असतात व काही गप्प असतात एवढीच नोंद करून प्लेटो पुढे जातो. वास्तविक त्यांची अवस्था कैद्यांच्या अवस्थेहून जास्त गुंतागुंतीची आहे. सावल्या या सावल्याच आहेत हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक असल्याने ते अज्ञानी नाहीत, तरी ते गुहेतच असल्याने मुक्तही नाहीत, आणि त्यांनी हात खाली घेतले तर कैद्यांचे जग त्याच क्षणी मावळेल.

चित्रपटाचा दृष्टान्त वेदान्तात आणला तो रमण महर्षींनी (१८७९–१९५०). चेन्नईच्या नैर्ऋत्येस असलेल्या तिरुवण्णामलै येथे अरुणाचल पर्वताच्या पायथ्याशी राहणाऱ्या या सत्पुरुषाने पडदा आणि त्यावरची चित्रे ही उपमा शिष्यांशी बोलताना वारंवार वापरली, आणि अरुणाचलाची स्तुती करणाऱ्या आपल्या अष्टकातही तिला स्थान दिले. चित्रात आग लागली तरी पडदा जळत नाही आणि पूर आला तरी तो भिजत नाही, तसा आत्मा जगाच्या घडामोडींनी लिप्त होत नाही, हे तिचे सार आहे. त्यांच्या संभाषणांत या उपमेचा आणखी तपशील आढळतो: यंत्रातला दिवा हा आत्मा, भिंग हे शुद्ध मन, एकेक सुटे चित्र ओळीने वाहणारी फीत म्हणजे वासना, आणि फितीला गती देणारी यंत्रणा म्हणजे ईश्वरी नियती. यंत्रातल्या गतीपर्यंत अर्थ लावणाऱ्या या रूपकातही यंत्रापाशी उभा असलेला ऑपरेटर आलेला नाही, आणि अद्वैताच्या दृष्टीने तो येण्याचे कारणही नव्हते.

तो माणूस तमिळ मुलखात फार जुना आहे. तिरुचिरापल्लीला रेल्वेत नोकरीस असलेल्या सामिकण्णू व्हिन्सेंट यांनी १९०५ मध्ये एका फ्रेंच प्रदर्शकाकडून यंत्र व फिती विकत घेतल्या आणि गावोगाव तंबू ठोकून खेळ दाखवले. त्या फितींत येशूच्या चरित्राचाही समावेश होता. मद्रासेत माउंट रोडवर १९१३ मध्ये सुरू झालेले इलेक्ट्रिक थिएटर आज टपाल खात्याच्या आवारात तिकीटसंग्राहकांचे केंद्र म्हणून शिल्लक आहे. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भरला आणि तिथून मद्रास, दिल्ली व कलकत्ता या शहरांत नेण्यात आला. तेव्हाच्या महोत्सवाचा प्रवास म्हणजे अर्थातच फितीच्या पेट्यांचा प्रवास होता. चित्रपटाच्या डब्यांना तमिळमध्ये ‘पेट्टी’ म्हणतात आणि मराठी थिएटरवालेही ‘पेटी आली का’ असेच विचारीत, हा शब्दांचा शेजार जाता जाता नोंदवण्यासारखा आहे.

चेन्नई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००३ मध्ये सुरू झाला. इंडो सिने ॲप्रिसिएशन फाउंडेशन ही संस्था तो भरवते, आणि वुडलँड्स, कॅसिनो, आयनॉक्स, रशियन सांस्कृतिक केंद्र अशा निरनिराळ्या ठिकाणी त्याचे खेळ वेगवेगळ्या वर्षी झालेले आहेत. महोत्सव बहुधा डिसेंबरात येतो, म्हणजे तमिळ पंचांगातल्या मार्गळी महिन्याच्या सुमारास. या महिन्यात पहाटे संत कवयित्री आंडाळची तिरुप्पावै ही स्तोत्रे म्हटली जातात आणि दुपारपासून रात्रीपर्यंत शहरातल्या सभांमध्ये, म्हणजे संगीतसंस्थांमध्ये, कर्नाटक संगीताच्या कचेऱ्या, म्हणजे मैफली, चालतात. सभेत गायकाच्या मागे बसून तंबोरा धरणारा निदान व्यासपीठावर असतो, त्याचा चेहरा लोकांना दिसतो. चित्रपटगृहातला ऑपरेटर प्रेक्षकांच्या पाठीमागे, त्यांच्या डोक्यांहून उंच, काचेच्या चौकोनी झरोक्याआड असतो, आणि आपल्या मागे कोणी आहे याची आठवण प्रेक्षकाला होते ती फक्त चित्र अडखळले म्हणजे.

त्या झरोक्याआड नेमके काय चालते हे ठाऊक असल्याशिवाय पुढचा विचार हवेत राहील. फितीच्या काळात एक पूर्ण लांबीचा चित्रपट पाच-सहा मोठ्या रिळांत येत असे. दोन हजार फुटांचे एक रीळ सुमारे बावीस मिनिटे चाले, आणि केबिनमध्ये दोन यंत्रे असत. एकावरचे रीळ संपत आले की चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर उमटे, तो दिसताच ऑपरेटर दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करी. साधारण सात सेकंदांनी दुसरा ठिपका आला की एका यंत्राचा उजेड बंद आणि दुसऱ्याचा चालू. प्रत्येक ठिपका चार चित्रांपुरता, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग टिके. हा बदल साधला तर सभागृहात कोणालाही काही कळत नसे, चुकला तर सगळ्यांना कळे. आणखी एक गंमत अशी की एका चित्राच्या जागी दुसरे चित्र सरकताना ती हालचाल दिसू नये म्हणून यंत्रातली फिरती झडप उजेड अडवून धरी, त्यामुळे दोन तासांच्या खेळातला बराच मोठा वाटा प्रेक्षक खरोखर काळोखात बसून काढीत असे आणि हा काळोख त्याला कधीही जाणवत नसे. मायेच्या कल्पनेला याहून घरगुती उदाहरण मिळणे कठीण आहे. ज्यांना हे रोज दिसत होते त्यांनी त्यावर भाष्य लिहिले नाही, एवढेच.

आता रिळे गेली. चित्रपट डीसीपी या रूपात, म्हणजे संगणकीय फायलींच्या संचाच्या रूपात, बहुधा हार्ड डिस्कवर येतो आणि सर्व्हरमध्ये उतरवून घ्यावा लागतो. ही फाईल बहुधा कुलूपबंद असते; तिची किल्ली केडीएम नावाच्या वेगळ्या छोट्या फाईलने येते, आणि ती एका विशिष्ट सर्व्हरपुरती व ठरावीक तारखा आणि वेळा यांपुरतीच चालते. नेहमीच्या व्यवसायात एकच चित्रपट आठवडाभर चालत असल्याने ही व्यवस्था सुखाची असते. महोत्सवात मात्र एकाच पडद्यावर दिवसाकाठी चार-पाच देशांचे चार-पाच चित्रपट येतात, प्रत्येकाची किल्ली वेगळी, चौकट वेगळी, आवाजाची पातळी वेगळी. ऐन वेळी एक खेळ शेजारच्या पडद्यावर हलवला तर पहिली किल्ली निरुपयोगी होते. परदेशात किल्ली तयार करणाऱ्याने वेळ ग्रिनिचच्या हिशेबाने टाकली आणि साडेपाच तासांचा फरक ध्यानात घेतला नाही, तर सकाळी पावणेदहाच्या खेळाला उघडायचे कुलूप दुपारी सव्वातीनला उघडते. म्हणून जाणता ऑपरेटर खेळाआधी सुरुवातीची काही मिनिटे, मधला एखादा संवाद आणि शेवटची नामावली लावून पाहतो, उपशीर्षके पडद्याच्या खाली कापली जात नाहीत ना हे बघतो, आणि रिकाम्या सभागृहात बरोबर वाटणारा आवाज माणसांनी भरलेल्या सभागृहात दबतो हे माहीत असल्याने खेळ सुरू झाल्यावर पुन्हा एकदा खाली उतरून मागच्या दाराशी उभा राहून ऐकतो. महोत्सवातल्या परदेशी चित्रपटांना मध्यंतर नसते, त्यामुळे कँटीनवाल्यांचा हिरमोड होतो आणि ऑपरेटरची मधली उसंतही जाते.

अशा कामाचे मोल कशाने मोजावे? भरताच्या नाट्यशास्त्रात या प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर आहे. सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचे, म्हणजे यशाचे, दोन प्रकार सांगितले आहेत. हसू, वाहवा, रोमांच, उठून उभे राहणे अशा प्रेक्षकांच्या प्रतिसादातून कळणारी ती मानुषी सिद्धी. आणि जिथे गलबला नाही, क्षोभ नाही, कोणताही उत्पात नाही आणि रंगमंडप भरलेला आहे, ती दैवी सिद्धी. वरच्या दर्जाच्या यशाची ही व्याख्या जवळजवळ सर्वस्वी नकारांनी केलेली आहे हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच अध्यायात प्रयोगाला बाधा आणणाऱ्या घातांची गणना आहे आणि दैवी घातांत वारा, अग्नी, पाऊस, हत्ती, साप, एवढेच काय पण मंडपात शिरलेल्या मुंग्याही धरल्या आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईला पुराने वेढले आणि त्या वर्षीचा महोत्सव पुढे ढकलून जानेवारी २०१६ मध्ये भरवावा लागला, तो भरताच्या यादीतला पावसाचाच घात होय. पहिल्या अध्यायात नाट्यगृहाच्या एकेका भागाच्या रक्षणासाठी एकेक देवता नेमलेली आहे, आणि त्यात नेपथ्यभूमी, म्हणजे पडद्याआडची जागा, मित्राकडे दिली आहे. पडद्याआडच्या जागेलाही राखणदार देवता लागते असे भरताला वाटले, ही गोष्ट नंतरच्या तत्त्वज्ञांच्या रंगशाळांशी ताडून पाहावी.

नकाराने सांगितलेले यश कळते कसे, हा पुढचा प्रश्न, आणि तो प्रमाणशास्त्राचा, म्हणजे ज्ञान कोणत्या साधनाने होते याचा विचार करणाऱ्या शास्त्राचा आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसक ‘अनुपलब्धी’ नावाचे सहावे प्रमाण मानतात: जमिनीवर घडा नाही हे ज्ञान डोळ्यांनी होत नाही, कारण डोळ्यांना जमीनच दिसते; घडा न आढळणे हेच त्या अभावाचे प्रमाण. मीमांसेतलेच प्रभाकराचे अनुयायी हे वेगळे प्रमाण मानीत नाहीत, आणि तो वाद इथे सोडवण्याचे कारण नाही. महत्त्वाची आहे ती या प्रमाणाला घातलेली ‘योग्यते’ची अट. जी वस्तू असती तर नक्की आढळली असती, तिच्याच न आढळण्यावरून तिचा अभाव सिद्ध होतो. अंधारात घडा दिसला नाही म्हणून तो नाही असे म्हणता येत नाही. ही अट केबिनला लावली तर एक कठोर निष्कर्ष निघतो. खेळात दोष नव्हता हे खऱ्या अर्थाने त्यालाच कळते ज्याला कोणकोणते दोष होऊ शकत होते हे ठाऊक आहे. सामान्य प्रेक्षकाला तशी जाणीव नसल्याने त्याला दोषांचा अभावही कळत नाही, त्याला फक्त चित्रपट दिसतो. म्हणून निर्दोष खेळाची दाद दुसरा ऑपरेटरच देऊ शकतो, आणि तो त्या वेळी बहुधा दुसऱ्या केबिनमध्ये असतो.

मग अशा कर्माचा कर्ता समाजाने कसा ओळखावा? वैदिक यज्ञसंस्थेने हा पेच फार आधी हाताळलेला आहे. मोठ्या यज्ञात होता ऋचा म्हणतो, उद्गाता सामे गातो, अध्वर्यू हातांनी सर्व क्रिया करतो, आणि चौथा ऋत्विज, ज्याला ब्रह्मा म्हणतात, तो दक्षिणेच्या बाजूला मुकाट्याने बसलेला असतो. त्याचे काम लक्ष ठेवण्याचे. चूक झाली तर प्रायश्चित्ताने ती भरून काढण्याचे. छान्दोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात म्हटले आहे की यज्ञाच्या वाटा दोन, मन आणि वाणी. मनाची वाट ब्रह्मा मौनाने तयार करतो, आणि तो भलत्या वेळी बोलला तर यज्ञ एका पायाच्या माणसासारखा किंवा एका चाकाच्या रथासारखा लंगडतो. नामावली संपेपर्यंत केबिनमध्ये गप्प राहणाऱ्या, पण प्रत्येक ठिपक्यावर नजर असलेल्या माणसाशी हे वर्णन इतके जुळते की तुलना मुद्दाम ओढून आणावी लागत नाही.

खरा मुद्दा त्यापुढचा आहे. ऐतरेय ब्राह्मणात या मुक्या ऋत्विजाच्या दक्षिणेविषयी सरळ शंका घेतली आहे: इतरांनी काही तरी केले म्हणून त्यांना दक्षिणा मिळते, याला काय केल्याबद्दल मिळते, की काही न करताच हा ती घेऊन जातो? उत्तर असे की ब्रह्मा हा यज्ञाचा वैद्य आहे, यज्ञावर औषधोपचार करून तो दक्षिणा नेतो; आणि अर्धा वाटा त्याचा व अर्धा इतर सर्व ऋत्विजांचा मिळून, म्हणजे निम्मा यज्ञ त्याचा, असेही तिथे सांगितलेले आहे. अदृश्य श्रमाची कदर करण्याची ही पद्धत आजच्या गौरवाच्या पद्धतीहून मुळातच निराळी आहे. ब्रह्मा दिसत नाही, बोलत नाही, पण त्याला नाव आहे, आसन आहे, आणि त्याच्या वाट्याविषयी ग्रंथात नोंद आहे; त्याचे मौन हे त्याच्या कामाचे अंग आहे, त्याच्या मोबदल्याचे मोजमाप नाही. पुढच्या काळाने त्या मौनाची स्तुती वारसाहक्काने घेतली आणि दक्षिणेचे कलम मागे ठेवले, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही. अर्थात यज्ञशाळेचीही बाहेरची कड होती: वेदी बांधायला माती वाहणाऱ्यांचा आणि भांडी घडवणाऱ्यांचा वाटा त्या ग्रंथाने निम्मा ठरवलेला नाही, आणि दोन खेळांच्या मधल्या पंधरा मिनिटांत खुर्च्यांखालचा कचरा काढणाऱ्या बायका व पुरुष आजही त्याच कडेला उभे आहेत.

निष्काम कर्माची कल्पना या प्रकाशात पुन्हा पाहिली पाहिजे. गीतेने कर्मफळावरचा अधिकार सोडण्यास सांगितले आहे ते कर्त्याला. हा उपदेश दुसऱ्या पुरुषी आहे, कृष्णाने अर्जुनाला समोरासमोर केलेला. तोच तिसऱ्या पुरुषात नेऊन ‘त्याला फळ नको आहे’ असे तिऱ्हाइताने म्हटले की वाक्याचे व्याकरण तेवढे बदलते असे नाही, त्याचा धर्मही बदलतो. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी कर्मयोगाचा जो अर्थ लावला त्यात संन्यासाऐवजी कर्म, आणि कर्म करताना समत्वबुद्धी, यांवर भर आहे; बुद्धीचे समत्व ही आतली अवस्था आहे आणि ती बाहेरून कोणाला बहाल करता येत नाही. फळ मिळण्याची शक्यताच ज्याच्यासाठी ठेवलेली नाही, त्याने फळ सोडले असे म्हणण्यात अर्थ उरत नाही, कारण सोडण्यासाठी ते आधी आवाक्यात असावे लागते. उलट गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राविषयी जे सांगितले आहे ते प्रेक्षकाला आणि आयोजकाला लागू पडते: दिलेले भोगून परत काही न देणारा तिथे चोर ठरवलेला आहे. पडद्याआडच्या माणसाला सांगायचा श्लोक कोणता आणि पडद्यासमोरच्याला सांगायचा कोणता, याची अदलाबदल फार काळ चालत आलेली आहे.

अठराव्या अध्यायात तर गीता कर्तृत्वाचा हिशेबच मांडते. प्रत्येक कर्माची कारणे पाच: अधिष्ठान म्हणजे आधारस्थान, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, विविध हालचाली, आणि पाचवे दैव, असे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. परंपरेने हे वचन अहंकार घालवण्यासाठी वापरले, आणि ते योग्यच आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की इतर चार कारणांची नावे घेतल्याशिवाय कर्माचे वर्णनच पुरे होत नाही. महोत्सवाच्या पुस्तिकेत चित्रपटापुढे एका दिग्दर्शकाचे नाव असते. एकाच व्यक्तीला चित्रपटाचा ‘कर्ता’ मानण्याचा हा संकेत विसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधून जगभर पसरला, आणि गीतेच्या निकषाने तो कच्चा आहे. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ने १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात मान मिळवला तेव्हा ज्या दोन दिग्दर्शकांची नावे झाली, त्या विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांची खरी हुकमत ध्वनिमुद्रण व कलादिग्दर्शन या मागच्या कामांवर होती, ही आठवण इथे उपयोगी पडते. एल. व्ही. प्रसाद यांची कथा आणखी बोलकी आहे: मद्रासेत प्रसाद स्टुडिओ उभारणाऱ्या आणि पुढे १९८२ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळवणाऱ्या या गृहस्थांनी उमेदवारीच्या दिवसांत मुंबईत एका चित्रपटगृहाच्या दारावर काम केले होते, असे त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगतात. ते आवर्जून सांगितले जाते याचे कारण ते दारावर राहिले नाहीत. जे राहिले त्यांचे चरित्र कोणी लिहीत नाही.

फाळक्यांच्या ‘लंकादहना’त (१९१७) पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक साष्टांग नमस्कार घालीत, असे भारतीय चित्रपटाचे इतिहासकार सांगतात, त्या नमस्कारात प्रत्येकाची पाठ केबिनकडे होती. चेन्नईत नव्या चित्रपटाच्या पहिल्या खेळाला नायकाच्या भव्य फलकावर दुधाचा अभिषेक होतो आणि कापूर ओवाळला जातो, तिथेही पूजा उजेडाच्या पुढच्या टोकाची आहे. केबिनची स्वतःची पूजा वर्षातून एकदाच येते, आश्विनातल्या नवमीला. महाराष्ट्रात जी खंडेनवमी तीच तमिळनाडूत आयुधपूजा: शहरातल्या कारखान्यांत, छापखान्यांत, रिक्षातळांवर यंत्रे धुऊन पुसून त्यांना चंदन-कुंकू लावतात, हार घालतात आणि दारात कोहळा फोडतात. हत्यार त्या दिवशी खाली ठेवून दशमीला उचलायचे, असा मूळ रिवाज आहे. प्रोजेक्टरला हा विसावा मिळत नाही, कारण सुट्टीच्या दिवशी थिएटरला गर्दी. गंध वाळण्याच्या आत पहिला खेळ लागतो. आयुधपूजेच्या पाठीमागची धारणा मात्र नाटकदीपाच्या दृष्टान्ताहून वेगळी आणि बहुधा कामकऱ्यांनीच जपलेली आहे: साधनाला नमस्कार करणारा स्वतःला साक्षी समजत नाही, आपल्या हाताला आणि त्या लोखंडाला मिळून काही करायचे आहे एवढे तो जाणतो.

विद्यारण्यांचा दिवा सगळे गेल्यावरही तेवतो. चित्रपटगृहातला झेनॉनचा दिवा तसा ठेवता येत नाही. त्याचे आयुष्य तासांत मोजलेले असते, यंत्रावरचा आकडा प्रत्येक खेळाने पुढे सरकतो, आणि नेमलेले तास भरले की दिवा बदलावा लागतो, कारण दाबाखालच्या वायूने भरलेली ती काच जुनी झाली तर फुटण्याची भीती असते. रात्रीचा शेवटचा खेळ संपतो, नामावली अखेरच्या ओळीपर्यंत सरकते, सभागृहातले दिवे लागतात आणि प्रेक्षक दिग्दर्शकाविषयी बोलत जिना उतरतात. खाली झाडू फिरू लागतो. वर केबिनमध्ये झेनॉन विझवलेला असतो, पण त्याला थंड करणारा पंखा लगेच बंद करून चालत नाही. तो आणखी काही मिनिटे घोंघावत राहतो, आणि तो थांबेपर्यंत ऑपरेटर उद्याच्या पहिल्या खेळाची किल्ली सर्व्हरवर चढली आहे की नाही ते पाहत बसलेला असतो.